इमर्जन्सी विभागातलं संशोधन म्हणजे काय? विंचू, साप, अपघात आणि तुमच्या मोबाइलमधलं घड्याळ



संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मायक्रोस्कोप, पांढरे कोट आणि परदेशातली चकाचक लॅब येते. पण जीव वाचवणारं बरंचसं संशोधन भलत्याच ठिकाणी होतं. स्ट्रेचर ढकलत आणणारे नातेवाईक, रडणारी लेकरं, एकाच वेळी चार पेशंट बघणारा डॉक्टर आणि टेबलावरचं एक जाडजूड रजिस्टर. हो, मी सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सी विभागाबद्दल बोलतोय.

माझे निम्मे सोयरे नांदेड जिल्ह्यात आहेत आणि निम्मे लातूरला. त्यामुळे विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही दोन्ही नावं आमच्या घरात नेहमी निघतात. दोन्ही ठिकाणी एमडी-एमएसचं शिक्षण चालतं आणि हे शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या पेशंटच्या नोंदींवर तिथे अभ्यास होणार हे उघडच आहे.

तर आजच्या लेखात आपण हे समजून घेऊ:

- इमर्जन्सी विभागात संशोधन कसं चालतं
- महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनी विंचूदंशावर काय शोधलं
- या सगळ्यात वेळेला एवढं महत्त्व का
- संमतीपत्र समोर आलं तर काय विचारायचं
- एखादा अभ्यास खरा आहे का, हे मोबाइलवर कसं तपासायचं

चला तर मग, सुरू करूया.

इमर्जन्सी विभाग म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे अजूनही बरेच लोक त्याला कॅज्युअल्टी किंवा अपघात विभाग म्हणतात. पूर्वी तिथे ड्युटीवरचा डॉक्टर पेशंटला तपासायचा आणि मेडिसिन, सर्जरी किंवा हाडांच्या वॉर्डात पाठवायचा. इमर्जन्सी मेडिसिन हा स्वतंत्र विषय भारतात तसा नवा आहे. भारतीय वैद्यक परिषदेनं त्याच्या एमडी अभ्यासक्रमाला २००९ मध्ये मान्यता दिली.

या विभागाचं पहिलं काम असतं ट्रायाज. म्हणजे कोण आधी आला ते न बघता कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे ते बघून रांग लावणं. लाल म्हणजे आत्ता लगेच, पिवळा म्हणजे थोडं थांबता येईल, हिरवा म्हणजे वाट बघू शकतो. बोट कापलेला माणूस आधी येऊनही मागे का राहतो, याचं उत्तर यातच आहे.

आता विचार करा. इथे डॉक्टरला काही मिनिटांत निर्णय घ्यायचा असतो. पुस्तक उघडायला वेळ नसतो. कोणतं औषध, किती आणि कधी द्यायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. ते ठरतं आधी येऊन गेलेल्या पेशंटच्या अभ्यासातून.

संशोधन म्हणजे आपल्यावर प्रयोग का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांना पडतो. सरळ सांगायचं तर इमर्जन्सीतलं संशोधन साधारण तीन प्रकारचं असतं.

१. जुन्या नोंदींचा अभ्यास. मागच्या दोन-तीन वर्षांचे केसपेपर काढायचे आणि मोजायचं. सर्पदंशाचे किती पेशंट आले, किती तासांनी आले, किती बरे झाले. यात पेशंटला कोणी हातही लावत नाही.

२. निरीक्षणाचा अभ्यास. आजपासून येणाऱ्या प्रत्येक पेशंटची ठरलेली माहिती लिहायची आणि पुढे काय झालं ते बघायचं. उपचार नेहमीचेच चालतात.

३. चाचणी. दोन उपचारांपैकी कोणता बरा हे माहीत नसतं, तेव्हा पेशंटचे दोन गट करतात. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टर किंवा नातेवाईक ठरवत नाहीत, नाणेफेक केल्यासारखं ठरतं. मुद्दाम तसं करतात, कारण डॉक्टरनं निवड केली तर नकळत जास्त गंभीर पेशंट एका बाजूला जमा होतील आणि तुलनाच फसेल.

पहिल्या दोन प्रकारांना प्रयोग म्हणताच येणार नाही. तिसरा प्रयोगच आहे, आणि म्हणूनच त्याला सगळ्यात कडक नियम आहेत. ते पुढे बघू.

विंचवाची गोष्ट: महाडच्या दवाखान्यातून थेट लॅन्सेटपर्यंत

हे उदाहरण प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवं असं मला वाटतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस झाल्यावर १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट होता. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं काही तासांत दगावायची, आणि नेमकं कशानं हे नीट कळत नव्हतं.

त्यांनी काय केलं? पेशंटजवळ बसून राहिले आणि लिहीत गेले. घाम किती येतोय, उलटी झाली का, हातपाय गार पडलेत का, नाडी किती, ब्लडप्रेशर किती, दर थोड्या वेळानं. या नोंदींतून एक साखळी दिसली. भरपूर घाम, उलट्या आणि गार हातपाय असलेल्या पेशंटच्या हृदयावर पुढे ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं आणि त्यातून मृत्यू होतो. धोक्याच्या या आगाऊ खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

याच्या मागचं कारण असं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध हवं. शिरेतून द्यायचं सोडियम नायट्रोप्रुसाइड उपयोगी पडलं, पण त्याला सतत देखरेख लागते. खेड्यातल्या दवाखान्यात ते कसं जमणार? मग पुढे आली प्रॅझोसिन, ब्लडप्रेशरची एक साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. तिचा विंचूदंशावरचा परिणाम १९८६ मध्ये पुन्हा लॅन्सेटमध्ये आला.

पूर्वी गंभीर लक्षणं असलेल्या पेशंटपैकी साधारण चारातला एक दगावायचा. प्रॅझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एखाद्यापर्यंत खाली आलं.

गोष्ट इथे संपली नाही. पुढे विंचवाच्या विषावरची लसही उपलब्ध झाली, ती मुंबईच्या हाफकिनमध्ये बनते. मग प्रश्न आला: नुसती प्रॅझोसिन बरी, की प्रॅझोसिन आणि लस दोन्ही? आता अंदाज नको, चाचणी हवी. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्यानं महाडमध्ये ७० पेशंटवर ती केली, ३५ एका गटात आणि ३५ दुसऱ्या गटात. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला. दोन्ही औषधं मिळालेल्यांना बरं व्हायला सरासरी ८ तास लागले, नुसती प्रॅझोसिन मिळालेल्यांना १७.७ तास. या चाचणीची नोंद भारताच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावरही झालेली आहे.

या कामासाठी डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र पुरस्कारापेक्षा ती वही मोठी वाटते. महागडं यंत्र जवळ नव्हतं. घड्याळ, ब्लडप्रेशरचा पट्टा, पेन आणि न कंटाळता लिहिण्याची सवय एवढंच भांडवल होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे वाचून कोणीही घरी प्रॅझोसिन घेऊ किंवा देऊ नका. तिचा डोस वजन आणि ब्लडप्रेशर बघून ठरतो. विंचू चावला की दवाखाना गाठायचा, बस्स.

७० पेशंट पुरतात, मग कधी २०,००० का लागतात?

फरक मोठा असेल तर थोड्या पेशंटमध्येही दिसतो. ८ तास आणि १७.७ तास हा फरक ७० जणांतही उठून दिसला. पण फरक बारीक असला की मोठी संख्या लागते.

क्रॅश-२ ही जगातल्या सगळ्यात मोठ्या अपघात-चाचण्यांपैकी एक. ४० देशांतली २७४ रुग्णालयं आणि २०,२११ पेशंट. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. प्रश्न साधा होता: अपघातात खूप रक्त जात असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं स्वस्त औषध दिल्यानं जीव वाचतो का? २०१० मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत १६ टक्के मृत्यू, मिळालेल्यांत १४.५ टक्के.

दीड टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? हजार पेशंटचा हिशोब करा. एका बाजूला १६० मृत्यू, दुसऱ्या बाजूला १४५. म्हणजे हजारामागे १५ माणसं घरी परत गेली.

सगळा खेळ वेळेचा

क्रॅश-२ मधली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. संशोधकांनी नंतर नुसत्या रक्तस्रावानं झालेले मृत्यू वेगळे काढले आणि जखमेनंतर किती वेळानं औषध मिळालं ते तपासलं.

- पहिल्या तासात औषध: असे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले.
- एक ते तीन तासांत: फायदा झाला, पण कमी.
- तीन तासांनंतर: असे मृत्यू उलट वाढले, ३.१ टक्क्यांवरून ४.४ टक्के.

तेच औषध, तोच डोस. तीन तासांच्या आत तारक आणि नंतर मारक ठरू शकतं. आता सांगा, अपघात नेमका किती वाजता झाला हेच कोणाला माहीत नसेल तर डॉक्टरनं काय करायचं?

लकव्याचंही तसंच. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. १९९५ च्या अमेरिकी चाचणीनं दाखवलं की ते तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो. २००८ च्या युरोपातल्या चाचणीनं ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. पण घड्याळ कधीपासून मोजायचं? आजोबा पहाटे उठले तेव्हा तोंड वाकडं होतं, तर ते झोपेत कधी झालं? म्हणून डॉक्टर विचारतात, "शेवटचं ठणठणीत कधी दिसले होते?" या एका उत्तरावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरू शकतं.

आता नांदेड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. किनवट-माहूरच्या टोकाकडून विष्णुपुरीला यायलाच काही तास जातात. लातूरलाही उदगीर, निलंग्याकडून पेशंट येतात. वाटेत ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून रेफर. प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर आणि तोच प्रश्न: "कधी झालं?" आणि बऱ्याचदा उत्तर असतं, "झाला असंल तास-दोन तास."

या "तास-दोन तास" मुळे एका पेशंटचा उपचार अडखळतो, आणि पुढे कोणी अभ्यास करायला बसलं तर ती नोंदही कामाची राहत नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

साप: जे दवाखान्यात पोचलेच नाहीत, त्यांना कोण मोजणार?

रात्री लाइट येते म्हणून मोटार चालू करायला शेतात जाणारा शेतकरी, आखाड्यावर जमिनीवर झोपलेला गडी, सोयाबीन काढणारी बाई. सर्पदंश कोणाला होतो हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही.

पण भारतात सर्पदंशानं किती लोक मरतात? नुसते दवाखान्याचे आकडे घेतले तर उत्तर चुकतं, कारण बरेच लोक दवाखान्यात पोचतच नाहीत. म्हणून मिलियन डेथ स्टडी नावाच्या मोठ्या अभ्यासात माणसं घरोघरी गेली आणि मृत्यू कसा झाला हे घरच्यांना विचारून लिहिलं. २०२० मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा: २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातले, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्यातले.

म्हणून कोणताही अभ्यास वाचताना विचारायचं: यात कोण मोजले गेले नाहीत? एखाद्या रुग्णालयानं "आमच्याकडे सर्पदंशाचे मृत्यू कमी झाले" असं सांगितलं, तर उपचार सुधारले असतील. किंवा गंभीर पेशंट वाटेतच गेले असतील. दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

सरकारी पातळीवर आता हालचाल दिसते. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरोग्य मंत्रालयानं राज्यांना कळवलं की सर्पदंशाची प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक करावं.

इमर्जन्सीतलं तंत्रज्ञान किती साधं असू शकतं याचंही उदाहरण इथेच मिळतं. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतात, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला सुरुवात होते, प्लॅस्टिकमध्ये तसं होत नाही. एक नळी आणि एक घड्याळ, झाली टेस्ट.

रजिस्टरमधून कॉम्प्युटरपर्यंत माहिती जाते कशी?

आता आपल्या आवडीचा भाग.

१०८ ॲम्ब्युलन्स. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांसह सुरू झाली. कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, याची नोंद होते. संशोधकासाठी ही सोन्यासारखी माहिती, कारण ती कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसते. तुलनेला किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. देशात मोबाइल सेवा त्यानंतर दोन वर्षांनी, १९९५ मध्ये सुरू झाली.

आयरॅड. रस्ते अपघातांचा हा राष्ट्रीय डेटाबेस. आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं तो तयार केला. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळावरूनच मोबाइल ॲपमध्ये जागा, फोटो आणि तपशील भरतात.

डेटा भरायची ॲप. संशोधक ओडीके, कोबो किंवा रेडकॅप अशी साधनं वापरतात. दिसायला गुगल फॉर्मसारखीच, पण नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो आणि रेंज आली की माहिती सर्व्हरवर जाते. चुकीची माहितीही अडवता येते. पेशंटचं वय चुकून ३०० टाकलं तर ॲप पुढे जाऊच देत नाही.

चांगल्या अभ्यासात पेशंटचं नाव आणि बाकी माहिती वेगळी ठेवतात. अभ्यासाच्या शीटमध्ये नावाऐवजी नुसता क्रमांक असतो.

रात्री दोन वाजता संमतीपत्र समोर आलं तर?

माझ्या एका नातेवाइकाला अपघातानंतर एका दवाखान्यात नेलं होतं. तिथे चार-पाच कागदांवर आमच्या सह्या घेतल्या, पण कोणता कागद कशाचा हे कोणी सांगितलं नाही. घाबरलेला माणूस कशावरही सही करतो. म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

कागद दोन प्रकारचे असू शकतात. एक उपचाराची संमती, म्हणजे ऑपरेशन, भूल वगैरे. दुसरी संशोधनाची संमती. या दोन्ही वेगवेगळ्या असाव्या लागतात. संशोधनाची असेल तर बिनधास्त विचारा:

- हा अभ्यास कशाचा आहे? मराठीत सांगा.
- नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळं काय करणार?
- त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार?
- आम्ही नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का? याचं उत्तर "नाही" असंच असायला हवं.
- मधेच बाहेर पडता येईल का? याचं उत्तर "हो" असंच असायला हवं.
- एथिक्स कमिटीची परवानगी आहे का? माहितीपत्रकाची प्रत द्या.

एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनाला परवानगी देणारी समिती. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार तिच्यात किमान सात सदस्य लागतात. त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक महिला हवी. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात.

पेशंट बेशुद्ध असेल तर जवळचा नातेवाईक संमती देऊ शकतो. आणि कोणीच सोबत नसेल तर? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये त्याचीही सोय आहे. अशा इमर्जन्सी अभ्यासाला कमिटीनं आधीच परवानगी दिली असेल तर पेशंटला आधी सामील करून घेता येतं आणि तो शुद्धीवर आल्यावर किंवा नातेवाईक आल्यावर संमती विचारतात. तेव्हा नाही म्हणायचा हक्क असतोच.

अभ्यास खरा आहे का? मोबाइलवर असं तपासा

भारतात होणाऱ्या औषधोपचारांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर होते. ते आयसीएमआर चालवतं. २००७ पासून ते सुरू आहे आणि २००९ पासून औषध चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते.

१. ब्राउझरमध्ये सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन उघडा, इंग्रजी अक्षरांत.
२. ट्रायल सर्चमध्ये जा.
३. माहितीपत्रकावरचा नोंदणी क्रमांक टाका. नसेल तर आजाराचं किंवा औषधाचं इंग्रजी नाव टाका.
४. उघडलेल्या पानावर बघा: कोणत्या रुग्णालयात चाचणी आहे, किती पेशंट घेणार, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सध्याची स्थिती काय.

एक सूचना. नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासाची नोंद सक्तीची नाही. त्यामुळे तो तिथे सापडला नाही तर लगेच फसवणूक समजू नका. पण नवीन औषध देणारी चाचणी तिथे दिसत नसेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

तुमच्या मोबाइलचं खरं काम

इमर्जन्सी आली तर एवढं करा:

- वेळ पकडा. घटना घडताच फोनच्या नोट्समध्ये वेळ लिहा. लिहायला जमत नसेल तर स्वतःलाच व्हॉट्सॲपवर "साप चावला" एवढा मेसेज टाका. वेळ आपोआप नोंदली जाते.
- १०८ लावा. त्या कॉलची वेळही लॉगमध्ये राहते.
- साप दिसत असेल तर लांबून फोटो काढा. पकडायला किंवा मारायला जाऊ नका. दोरी आवळणं, चिरा देणं, विष चोखणं बंद. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका.
- कागदांचे फोटो काढा. रेफर चिठ्ठी, दिलेली इंजेक्शनं, चालू गोळ्यांची पाकिटं. पुढच्या डॉक्टरला पहिल्या ठिकाणी काय दिलं ते कळतं.
- स्टेटसला टाकू नका. जखमी माणसाचा फोटो डॉक्टरला दाखवायचा असतो, गावाला नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाचणीत आपल्याला बिनऔषधाचा गट मिळाला तर नुकसान नाही का?
नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळतात. क्रॅश-२ मध्येही तसंच होतं. नवीन औषधाचा फायदा होतो की तोटा हे माहीत नसतं, म्हणून तर चाचणी घेतात.

संशोधनात भाग घेतल्याचे पैसे लागतात का?
अभ्यासासाठीच्या जादा तपासण्यांचा खर्च पेशंटवर टाकायचा नसतो. सही करण्याआधी हे विचारून घ्या.

फॉरवर्डमध्ये "संशोधनानं सिद्ध झालं" असं आलं तर?
चार गोष्टी विचारा. किती माणसांवर? कोणाशी तुलना केली? कुठे छापलं? कोण मोजले गेले नाहीत? चारही उत्तरं नसतील तर फॉरवर्ड करू नका.

आमच्या गावच्या दवाखान्यातून असं काही होऊ शकतं का?
बिरवाडी हे एक प्राथमिक आरोग्य केंद्रच होतं.

थोडक्यात

इमर्जन्सी विभागातलं संशोधन म्हणजे आज आलेल्या पेशंटची नीट नोंद ठेवून उद्याच्या पेशंटला वाचवणं. डॉक्टर, नर्स, १०८ चे कर्मचारी आपला भाग लिहितात. पण गोष्टीची पहिली ओळ, "किती वाजता झालं", ती फक्त तिथे हजर असलेल्या माणसालाच माहीत असते. आपल्याकडे तो माणूस बहुतेक वेळा हातात फोन असलेला विशी-पंचविशीतला पोरगा किंवा पोरगी असते.

हा लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा. आणि वर दिलेली प्रश्नांची यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा. गरज न पडो, पण पडली तर रात्री दोन वाजता शोधत बसायला नको.